मेंदूतल्या गाठीचे ऑपरेशन: आधीची तयारी आणि घरी आल्यावरची झोप

एमआरआयच्या रिपोर्टवर 'ट्यूमर' हा शब्द वाचला की घरातले सगळे ऑपरेशनच्या दिवसाचाच विचार करू लागतात. किती तास लागतील, कवटी उघडणार म्हणजे नेमके काय करणार, शुद्ध कधी येणार. असे होणारच. पण तो दिवस सर्जन आणि भूलतज्ज्ञ सांभाळतात. घरच्यांनी सांभाळायचे असतात ते आधीचे काही दिवस आणि नंतरच्या रात्री. माझ्या दादाचे ऑपरेशन झाल्यापासून ओळखीतल्या ज्या ज्या घरावर ही वेळ आली, त्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: रुग्ण ज्या अंथरुणावर परत येणार ते अंथरूण, तो इस्पितळात दाखल होण्याआधी तयार करा. डिस्चार्ज मिळालेल्या संध्याकाळी उशा शोधत बसू नका.

सर्जनना काय विचारायचे

मेंदूतली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ, बहुधा साधा असतो आणि हळू वाढतो. पिट्युटरी ग्रंथीची गाठ, कानाच्या नसेवरची गाठ या सहसा कॅन्सरच्या नसतात. ग्लायोमाचे, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींतून वाढणाऱ्या गाठीचे, मात्र अनेक प्रकार आहेत, आणि त्यातला कुठला हे काढलेला तुकडा तपासल्यावरच नक्की कळते. त्या रिपोर्टला आठवडा किंवा जास्तही लागू शकतो. तोवर कुणी विचारले तर 'रिपोर्ट यायचा आहे' एवढेच सांगा. अंदाज सांगत बसलात तर रुग्णाच्या मनाला उगाच घोर लागतो.

झोपेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा: चीर कुठे येणार? कपाळाच्या वर किंवा कानापुढे असेल तर त्या बाजूचा डोळा सुजतो आणि काही दिवस चावताना जबडा दुखतो. डोक्याच्या मागच्या बाजूला असेल तर मान आखडते, चक्कर येते आणि उशीवर डोके टेकवणेच अवघड जाते. नाकावाटे ऑपरेशन असेल तर बाहेर जखम दिसत नाही, पण नियम सगळ्यांत कडक असतात. दुसरा प्रश्न: काढलेले हाड परत बसवणार का? सूज फार असेल तर कधी कधी ते लगेच बसवत नाहीत. तसे असेल तर त्या बाजूवर अजिबात झोपायचे नसते, आणि हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.

काही ऑपरेशने रुग्णाला मध्ये जागे ठेवून करतात. गाठ बोलण्याच्या किंवा हातपाय हलवण्याच्या भागाजवळ असेल तर रुग्णाशी बोलत बोलत सर्जन तो भाग वाचवतात. अशा वेळी आपल्या घरातली भाषांची गंमत गंभीरपणे सांगायला हवी. गोव्यात आपण शेजाऱ्याशी कोंकणीत बोलतो, पेपर मराठीत वाचतो, ऑफिसात इंग्रजी. रुग्ण आकडे कुठल्या भाषेत मोजतो, घरात कुठल्या भाषेत बोलतो, रोजच्या कामाला कुठली भाषा लागते, हे आधीच्या भेटीत सांगा. बोलण्याची चाचणी रुग्णाच्या वापरातल्या भाषांतच व्हायला हवी.

तारखेबद्दल एक विनंती. 'चवथ (गणेशचतुर्थी) होऊन जाऊ दे, मग करू' हे आपल्याकडे हमखास कानावर येते. साध्या, हळू वाढणाऱ्या गाठीला थोडे थांबता येईल की नाही ते सर्जन सांगतील. डोकेदुखीबरोबर उलट्या, नजर अंधुक होणे, फिट येणे असे काही चालू असेल तर मुहूर्त पाहू नका.

कागद आणि पैसे

एका फाइलमध्ये सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा. एमआरआयची सीडी वेगळ्या पाकिटात ठेवा, कारण सर्जनना कागदापेक्षा चित्रे हवी असतात. गोव्यात २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरले होते. सध्याची मर्यादा आणि आपल्या ऑपरेशनला ते कार्ड चालेल का, हे इस्पितळातल्या योजनेच्या काउंटरवर विचारा. त्याआधी कार्डाचे नूतनीकरण झाले आहे का ते पाहा. ऐन दाखल होताना कार्ड संपलेले निघाले तर धावपळ होते. रक्तपेढी रक्तदाते आणायला सांगू शकते, म्हणून दोन-तीन धडधाकट नातेवाइकांना आधीच कल्पना द्या.

औषधांची खरी यादी

या टप्प्यावर घाई करू नका. रुग्ण घेतो ती प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण आणि कॅप्सूल एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, यांची माहिती लपली तर ऑपरेशनमध्ये रक्तस्राव वाढतो. त्या किती दिवस आधी थांबवायच्या हे डॉक्टरांनीच ठरवायचे. हृदयात स्टेंट असेल तर स्वतःहून बंद करणे तितकेच धोक्याचे. माशाच्या तेलाच्या किंवा लसणाच्या कॅप्सूलही 'ते काय औषध आहे?' म्हणून वगळू नका.

दारूचेही खरे सांगा. रोज संध्याकाळी फेणी किंवा बिअर घेणारा माणूस इस्पितळात दाखल झाला की ती एकदम बंद होते. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणे, भ्रम, फिट असा त्रास सुरू होऊ शकतो आणि तो ऑपरेशनमुळे की दारू तुटल्यामुळे हे कळेनासे होते. वडीलधाऱ्यांसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर भूलतज्ज्ञांना एकट्याने भेटून सांगा. ते नावे ठेवायला बसलेले नसतात. तंबाखू आणि सिगारेट जितकी लवकर सुटेल तितके छातीला आणि जखमेला बरे.

दोन औषधे बहुतेक रुग्णांच्या वाट्याला येतात. पहिले डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड गाठीभोवतीची सूज उतरवते आणि डोकेदुखीला पटकन आराम देते, पण झोप उडवते, भूक भडकवते, साखर वाढवते आणि पित्त करते. म्हणून ते जेवणानंतर, पित्ताच्या गोळीबरोबर घ्यायचे. दिवसाचा शेवटचा डोस दुपारी लवकर घेता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. कित्येकांच्या रात्री एवढ्या एका बदलाने सुधारतात. ते एकदम बंद करायचे नाही, सांगितल्याप्रमाणे हळूहळू उतरवायचे. दुसरे फिट येऊ नये म्हणून दिलेले, बहुधा लेव्हेटिरासिटाम. त्याने काहींना झोप येते, तर काही माणसे एरवी शांत असूनही चिडचिडी होतात. गोळी चुकवू नका, पण स्वभावात फरक दिसला तर डॉक्टरांच्या कानावर घाला. घरच्यांनी ते बोलणे मनाला लावून घेऊ नये.

घोरण्याचा त्रास असेल, झोपेत श्वास अडकत असेल किंवा रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) लागत असेल तर तेही आधी सांगा. नाकावाटे ऑपरेशन झाल्यावर ते मशीन सर्जनच्या परवानगीशिवाय लावायचे नसते.

अंथरूण आधी

ऑपरेशननंतर डोके साधारण ३० अंश वर ठेवायला सांगतात. डोक्यातले रक्त मानेच्या शिरांतून खाली उतरायला त्याने मदत होते, सूज कमी राहते. अनेक घरांत मात्र तीन उशा एकावर एक रचतात. मग मान पुढे वाकते, हनुवटी छातीला लागते आणि नेमक्या त्याच शिरा दाबल्या जातात. उतार कंबरेपासून सुरू झाला पाहिजे. कंबरेपासून खांद्यापर्यंत दोन फूट धरले तर खांदे सुमारे एक फूट वर आले पाहिजेत, आणि मान सरळ रेषेत राहिली पाहिजे.

त्यासाठी उताराची फोमची उशी विकत मिळते. ती नसेल तर गादीच्या खाली, डोक्याच्या बाजूला, सोफ्याच्या घट्ट गाद्या किंवा घडी घातलेल्या गोधड्या पायऱ्यांसारख्या लावा: कंबरेजवळ एक, पाठीखाली दोन, खांद्याखाली तीन. वरून गादी घातली की उतार तयार होतो. डोक्याखाली एकच पातळ, मऊ उशी. रात्री माणूस खाली घसरतो, म्हणून गुडघ्यांखाली एक छोटी उशी. मग रुग्णाने ऑपरेशनआधी चार-पाच रात्री त्याच अंथरुणावर झोपून पाहावे. उताणे आणि उतारावर झोपण्याची सवय नसलेल्या माणसाला ते सुरुवातीला जड जाते, आणि ही सवय जखमेशिवाय लावून घेणे सोपे असते.

खोली तळमजल्यावरची निवडा. आपल्या जुन्या घरांत उंबरे उंच, फरशी गुळगुळीत आणि न्हाणीघर मागच्या अंगाला. रात्री लघवीला उठणारा रुग्ण तिथेच पडतो. अंथरुणापासून संडासापर्यंत छोटे दिवे लावा, पायपुसणी आणि वायर उचला, भिंतीला दांडी बसवून घ्या. वीज जाते तेव्हासाठी चार्जिंगचा दिवा हाताशी हवा. न्हाणीघर लांबच असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने किंवा उसनी आणा.

उशीचे अभ्रे सुती आणि भरपूर हवेत. जखमेला लागणारा अभ्रा रोज बदलायचा असतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. ओलसर अभ्रा घालू नका, इस्त्री फिरवून पूर्ण कोरडा करा. डासांसाठी कॉइलपेक्षा मच्छरदाणी बरी. धुराने खोकला येतो आणि प्रत्येक खोकल्याबरोबर डोके ठणकते.

आदला दिवस

साधे, हलके जेवण. त्यानंतर पोट रिकामे ठेवायचे. सर्वसाधारण नियम घन आहारासाठी ऑपरेशनआधी किमान ६ तास आणि साध्या पाण्यासाठी २ तास असा आहे, तळलेले-तेलकट असेल तर आणखी जास्त. पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ हीच खरी. पेज किंवा दुधाचा चहा पाण्यात धरू नका. सकाळच्या कुठल्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या ते लिहून घ्या. फिटची गोळी सहसा चुकवत नाहीत.

सांगितल्याप्रमाणे केस धुवा, पण खोबरेल लावू नका. सगळे डोके भादरतीलच असे नाही, पुष्कळदा चिरेपुरती पट्टीच काढतात. मंगळसूत्र, बांगड्या, नथ, जोडवी घरीच काढून ठेवा. अंगठी निघत नसेल तर आधी सांगा. नखांचे पॉलिश पुसा, कारण बोटाला लावलेल्या यंत्राला ऑक्सिजन मोजायचा असतो. कवळी, चष्मा, कानाचे यंत्र यांवर नाव लिहून डबीत ठेवा. ऑपरेशननंतर चष्मा आणि कानाचे यंत्र लवकर परत द्या. वयस्कर माणसे अतिदक्षता विभागात रात्री गोंधळतात. दिसायला आणि ऐकायला लागले, आज वार कोणता हे कुणी सांगितले, की ती सावरतात.

इस्पितळातल्या रात्री

इथे झोप तुटकच होणार. नर्स दर तासाला उठवून नाव विचारतील, डोळ्यात बॅटरी मारतील, हात दाबायला सांगतील. मेंदूत रक्तस्राव किंवा सूज सुरू झाली तर ती अशीच वेळेत कळते. 'त्यांना झोपू द्या ना' असे म्हणू नका. घशातल्या नळीमुळे दोन दिवस घसा दुखतो. डोळ्याची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, डोळा काळानिळा होऊन मिटतोही, मग उतरते. दादाचा डोळा पाहून आई रडली होती. तिला कुणीतरी हे आधी सांगायला हवे होते.

घरी आल्यावर

प्रवासाला मोटारच. पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे किंवा स्कूटरवर बसवून आणू नका. मुंबई किंवा बंगळुरूला ऑपरेशन करून परतणार असाल तर विमानाआधी सर्जनना विचारा, कारण काही दिवस कवटीत हवा राहिलेली असते. रेल्वेने आलात तर खालचा बर्थ घ्या.

पहिल्या रात्री तयार केलेल्या उतारावर उताणे. कूस बदलायची झाली तर सर्जनने परवानगी दिलेल्या बाजूवर, बहुधा जखमेच्या विरुद्ध. वळताना आधी गुडघे दुमडा, मग खांदे आणि कंबर एकदम फिरवा. फक्त मान पिळू नका. पाठीमागे लांब उशी ठेवली आणि पुढे एक कवटाळायला दिली की माणूस झोपेत नको त्या बाजूला लोळत नाही. चीर मागे असेल तर कुशीवर झोपणे सोयीचे. तेव्हा उशी मानेपासून कानापर्यंत आधार देईल अशी ठेवा, जखम मोकळी राहू द्या. उठतानाही तसेच: कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटून बसा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा.

आडवे झाल्यावर डोक्यात टकटक किंवा पाणी हलल्यासारखा आवाज येतो, जखमेभोवती बधिर वाटते, पुढे खाज सुटते. आवाज हवेचा आणि पाण्याचा असतो, काही आठवड्यांत जातो. पुढच्या भेटीत सांगा. खाजवू नका, तेल लावू नका, टाके निघेपर्यंत जखम सांगितल्याप्रमाणेच धुवा.

नाकावाटे ऑपरेशन झाले असेल तर डोके वर ठेवूनच झोपायचे, नाक शिंकरायचे नाही, स्ट्रॉने प्यायचे नाही, वाकून काही उचलायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचे. रात्रीत पुन्हा पुन्हा भरपूर लघवी होऊन तहान भागेना तर तोही ऑपरेशनशी संबंधित त्रास असू शकतो, लगेच फोन करा.

दुखण्यावर लिहून दिलेली गोळीच घ्या, बहुधा पॅरासिटामॉल असते. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत, आणि झोपेच्या गोळ्या तर मुळीच नकोत. गुंगी औषधाची की मेंदूच्या सुजेची हे त्याने कळेनासे होते. रात्रीचा डोस झोपण्याच्या वेळेला येईल असे वेळापत्रक डॉक्टरांकडून मांडून घ्या. पोट साफ ठेवा. कुंथल्याने डोक्यावर दाब येतो. पपई, केळी, भरपूर पाणी, लागले तर डॉक्टरांनी दिलेले सिरप. दुपारी पेज आणि हलके हुमण (माशांची आमटी) पचते. रात्री मात्र जड आणि तिखट नको, कारण स्टेरॉइडने पित्त आधीच वाढलेले असते. स्टेरॉइडमुळे रात्री दोनला भूक लागलीच तर थोडे काही द्या, मधुमेह असेल तर साखर बघून.

आता दुपारची झोप. गोव्यात दुकानेसुद्धा दुपारी बंद होतात, मग घर निजले की रुग्णही दोन-अडीच तास झोपतो आणि रात्री छताकडे बघत पडतो. ऑपरेशननंतरचा थकवा खरा असतो. त्याला विश्रांती द्याच, पण तीनच्या आत, अर्ध्या तासाची, गजर लावून. नंतर उन्हे उतरली की अंगणात किंवा बाल्कांवात (दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) बसवा. सकाळचे ऊन आणि संध्याकाळची थोडी चाल यांनी रात्रीची झोप जितकी सुधारते तितकी कशाने नाही. चालण्याने पायांत गुठळ्या होण्याचा धोकाही कमी होतो.

भेटायला येणारे प्रेमाने येतात, पण दहा घरांचे दहा प्रश्न ऐकून रुग्ण दमतो. संध्याकाळी एक तास ठरवा आणि तो वाड्यावर सांगून टाका. दिवाळीआधीच्या नरकासुराच्या रात्री किंवा जत्रेच्या दिवसांत आवाज चुकणार नसेल तर काही दिवस शांत ठिकाणी राहणाऱ्या नातेवाइकांकडे नेता येईल का ते आधी ठरवा. जवळ झोपणाऱ्यानेही पाळी लावावी. रोज एकच माणूस जागला तर पहाटेचा बदल त्याच्या लक्षात येत नाही.

सकाळी उशी पाहा

रोज उठल्यावर अभ्रा बघा. पाण्यासारखा पारदर्शक ओलावा दिसला, किंवा नाकातून पाणी ठिबकून घशात खारट लागले, तर मेंदूभोवतीचे पाणी गळत असू शकते. तसे झाले, किंवा पू किंवा ताजे रक्त दिसले, तर ताबडतोब कळवा. बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर थांबणारी डोकेदुखीही सांगायची. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे अशा इतर गोष्टी: १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, मान ताठ होणे, वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, एका बाजूची ताकद कमी होणे, बोलणे अडखळणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे. दम लागला, छातीत दुखले, किंवा हाक मारून माणूस नीट जागा होत नसेल, तर 'दमलाय, झोपू दे' म्हणून सोडू नका. १०८ ला फोन करा.

फिट आली तर कुशीवर वळवा, आसपासच्या वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा किंवा चप्पल नको, हातात किल्ली नको. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, लागोपाठ दुसरी आली, किंवा थांबल्यावर माणूस शुद्धीवर येईना, तर १०८. डिस्चार्जचा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात दाराजवळ अडकवून ठेवा, म्हणजे कुणीही घेऊन निघू शकेल.

पुढच्या भेटीला जाताना

टाके साधारण एक ते दोन आठवड्यांत काढतात. त्या भेटीला एका वहीत झोपेची नोंद न्या: किती वाजता डोळा लागला, कितीदा उठला, स्टेरॉइड कधी घेतले, डोके केव्हा दुखले. मग हे विचारा: उतार कधी कमी करायचा, जखमेच्या बाजूवर कधी झोपायचे, केसांना तेल कधी, स्कूटर आणि गाडी कधी, समुद्रात किंवा तळीत उतरायचे की नाही. स्टेरॉइड पूर्ण उतरल्यावरही झोप येत नसेल, किंवा माणूस सारखा उदास, गप्प राहत असेल, तर तेही त्याच वहीत लिहा आणि तो खोलीत नसताना नव्हे, त्याच्यासमोर, त्याला बोलू देऊन सांगा.